हिशेबाची वही : साडेसात तोळे म्हणजे नेमके किती?

रमजान जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अर्ध्याहून जास्त पत्रं दागिन्यांवरच्या जकातीची असतात. जकात म्हणजे सोनं, चांदी, पैशातून मुसलमानाने दरवर्षी गरजूंसाठी काढायचा चाळिसावा हिस्सा. बँकेत सोने तारणाच्या टेबलावर बसून नोकरी काढल्यामुळे वजनाचं आणि कसाचं मी माझ्या अनुभवावर सांगते. शरियतचं जे सांगते ते आमच्या मुफ्तीसाहेबांना, म्हणजे फतवा देणाऱ्या जाणकारांना, विचारून. यावेळी एक पत्र सविस्तर घेतलं आहे, बाकीची थोडक्यात.

प्रश्न : आपा, सलाम. मी गंगाखेडजवळच्या एका गावात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. आमच्या घरात सगळ्यांची जकात सासरेच काढायचे. गेल्या वर्षी त्यांचा इंतकाल झाला, आता माझं मलाच बघायचंय. माझ्याकडे काळ्या पोतीचा लच्छा १८ ग्रॅम, चंपाकली २५ ग्रॅम, चार बांगड्या ३४ ग्रॅम आणि खड्यांचे झुमके ९ ग्रॅम आहेत. पावत्यांवरून बेरीज ८६ ग्रॅम होते. झुमके १८ कॅरेटचे, बाकी २२. मामू म्हणतात, साडेसात तोळ्यांवर जकात असते आणि तुझं साडेआठ तोळ्यांच्या पुढं आहे. मशिदीतल्या हजरतांनी ८५ ग्रॅम सांगितलं. जाऊबाई म्हणतात, अंगावरच्या दागिन्याला जकात नसतेच. शिवाय चांदीचे पैंजण १५० ग्रॅम, बँकेत ४० हजार, आणि पतसंस्थेचं दोन लाखांचं कर्ज, हप्ता साडेतीन हजार. सहा वर्षांच्या मुलीच्या नावाने नानीने दिलेल्या १० ग्रॅमच्या बांगड्या आहेत, त्या यात धरायच्या का? — एक शिक्षिका, जिल्हा परभणी

उत्तर : वालेकुम सलाम, बेटी. पत्रात वजनं लिहिलीस, फार बरं झालं. बहुतेक बाया मला ‘थोडंसंच सोनं आहे’ एवढंच लिहितात आणि त्यावर हिशेब करायला सांगतात.

आधी मामूंचा घोळ सोडवू. साडेसात तोळे हे बरोबर आहे, पण तो तोळा जुना. शरियतने सोन्याचा निसाब, म्हणजे जकात जिथून सुरू होते ते माप, २० मिस्काल (जुनं अरबी वजन) ठरवलंय. हिंदुस्थानातल्या उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, त्याचे साडेसात तोळे काढले तेव्हा तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता, बारा मासे (मासा हे सोन्याचं जुनं छोटं वजन) मिळून झालेला. त्या हिशेबाने निसाब होतो ८७.४८ ग्रॅम. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर देशात ग्रॅम-किलो आले. तोळा सरकारी कागदांतून गेला, सराफ्यात मात्र दहा ग्रॅमचा होऊन राहिला. आज परभणीत नाहीतर नांदेडात कुणी ‘आठ तोळे’ म्हणालं तर ते ८० ग्रॅमच असतात. नवा तोळा घेऊन जुन्या साडेसातशी ताडून पाहिलं की माणूस ७५ ग्रॅमवरच स्वतःला साहिबे-निसाब, म्हणजे निसाब भरलेला, समजायला लागतो. आजच्या तोळ्यात बोलायचं तर पावणेनऊ तोळे होतात. हजरतांचे ८५ ग्रॅमही चुकीचे नाहीत. मिस्काल सव्वाचार ग्रॅमचा धरला की तेवढेच येतात, अरब देशांत आणि बऱ्याच नव्या पुस्तकांत हाच आकडा आहे. आपल्याकडच्या हनफी मसलकाच्या (इमाम अबू हनीफांच्या विचारपंथाच्या) दारुल इफ्तांमध्ये, म्हणजे फतवा देणाऱ्या कचेऱ्यांत, ८७.४८ चालतं.

आता तुझे ८६ ग्रॅम. हे वजन पावतीवरचं, म्हणजे ढोबळ वजन. आमच्या टेबलावर दागिना आला की पहिलं काम हेच असायचं, त्यातलं सोनं नसलेलं काय काय आहे ते बघायचं. लच्छ्यातले काळे मणी सोनं नाहीत. चंपाकलीच्या कळ्या पोकळ असतात आणि चेपू नयेत म्हणून त्यांत लाख भरलेली असते. जुन्या घडणीची असेल तर हमखास. लाख वजनाला चांगलीच भरते. मूल्यांकनाला बसणारे आमचे सराफ कळी कानाशी नेऊन नखाने टिचकी मारायचे आणि आवाजावरून सांगायचे, ‘मॅडम, भरीव नाही, लाख आहे.’ झुमक्यांतले खडे तर उघडच दिसतात. खड्यांवर, मोत्यांवर, हिऱ्यांवरसुद्धा जकात नाही, ते धंद्यासाठी ठेवले असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून गंगाखेडच्याच एखाद्या सराफाकडे जा आणि निव्वळ वजन काढून घे. मी उदाहरणादाखल धरते : मण्यांचे ३ ग्रॅम, लाखेचे २, खड्यांचा १. लच्छा १५, चंपाकली २३, बांगड्या ३४, झुमके ८. झाले ८० ग्रॅम.

म्हणजे नुसत्या सोन्याचा निसाब तुझ्याकडे भरत नाही, ना ८७.४८ चा, ना ८५ चा. मामू हरले असं वाटेल. थांब, अजून हिशेब संपला नाही.

नुसत्या सोन्याचा निसाब त्यालाच, ज्याच्याकडे सोन्याशिवाय काहीच नाही. चांदी नाही, रोकड नाही, विक्रीचा माल नाही. अशी बाई आज कुठे असते? हनफी मसलकात सोनं, चांदी आणि पैसा एकत्र धरून त्यांची किंमत चांदीच्या निसाबाशी ताडतात. चांदीचा निसाब २०० दिरहम (जुनं चांदीचं नाणं), जुने साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. समजा चांदी ग्रॅमला १०० रुपये असेल तर हा निसाब ६१ हजारांच्या आसपास येतो. तुझ्या सोन्याची किंमत त्याच्या कितीतरी पट आहे. बँकेतले ४० हजार नसते तरी त्या पैंजणांनी तुला आत ओढलं असतं. किंमत न बघता नुसते हिस्से मोजले तरी तेच : सोन्याचा निसाब नव्वद टक्क्यांवर भरलाय, चांदीचा चोवीस टक्के, दोन्ही मिळून शंभरच्या पुढं. तेव्हा मामूंचं कारण चुकलं, निकाल बरोबर आला. त्यांना हे सांगशील तेव्हा जरा बेताने सांग.

जाऊबाईंचं म्हणणं कुठून आलं ते खाली उदगीरच्या पत्रात आलं आहे. आपण हनफी, आपल्यात अंगावरच्या दागिन्यालाही जकात आहे, रोज घाला नाहीतर लॉकरमध्ये ठेवा.

आता आकडे मांडू. भाव मी मुद्दाम गोल धरलेत. २२ कॅरेट ग्रॅमला १०,०००, त्याच प्रमाणात १८ कॅरेट ८,१८०. तू ज्या दिवशी हिशेब करशील त्या दिवशीचा तुझ्या गावचा भाव घालायचा. खरेदीची पावती त्यासाठी काढूच नकोस. नऊ वर्षांपूर्वी काय भावाने घेतलं त्याचा इथे काही संबंध नाही. मजुरी धरायची नाही, तीन टक्के जीएसटीही नाही. काही मुफ्ती मोडीचा भाव चालेल म्हणतात, कारण विकायला गेलीस तर तेवढेच हातात येणार. मी स्वतः पूर्ण भाव धरते. फरक पडलाच तर तो गरिबाच्या पदरात पडू दे.

२२ कॅरेटचे ७२ ग्रॅम, म्हणजे ७,२०,०००. झुमक्यांचे ६५,४४०. पैंजणांचे १५,०००. बँकेतले ४०,०००. एकूण ८,४०,४४०.

कर्जाचं ऐक. दोन लाख सगळे वजा करायला गेलीस तर सोपं वाटेल, पण लांबच्या मुदतीच्या कर्जात तसं चालत नाही. मग वीस वर्षांचं घरकर्ज घेतलेला माणूस आयुष्यभर जकातीतून सुटेल. येत्या वर्षाचे हप्ते वजा करा असं बरेच मुफ्ती सांगतात. काही तर त्याहून कडक, फक्त देय झालेला हप्ताच सोडतात. मी पहिलं धरते : ३,५०० गुणिले १२, म्हणजे ४२,०००. उरले ७,९८,४४०. याचा चाळिसावा हिस्सा म्हणजे अडीच टक्के. शेवटचं शून्य काढ आणि चारने भाग : १९,९६१ रुपये.

आकडा बघून छातीत धस्स झालं असेल. बँकेत ४० हजार आणि त्यातले अर्धे द्यायचे! एकदम द्यायलाच हवेत असं नाही. येणाऱ्या वर्षाची जकात आगाऊ, दर पगाराला थोडी थोडी देत गेलं तरी चालते. वर्ष भरलं की ताळमेळ करायचा, कमी पडलं तर भरायचं. पगारदार बाईला हाच मार्ग सोयीचा, माझ्या मते पुण्यातल्या-मुंबईतल्या मोठ्या पगारवाल्यांनाही. रोकडच नको असेल तर सोन्याच्या रूपात दिलं तरी चालतं.

तारीख चंद्राची धर. तू पहिल्यांदा साहिबे-निसाब झालीस ती इस्लामी तारीख आठवत असेल तर तीच. नसेल आठवत तर अंदाजाने एक ठरवून कायमची वहीत लिही. रमजानच पाहिजे असं बंधन नाही, लोक सवाबासाठी तो धरतात. मात्र ३१ मार्च धरू नकोस. आम्हा बँकवाल्यांना तीच तारीख आवडते, म्हणून मुद्दाम सांगते. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं असतं. इंग्रजी कॅलेंडरची ३३ वर्षं होतात तेव्हा चंद्राची ३४ झालेली असतात, आणि मधल्यामध्ये एका अख्ख्या वर्षाची जकात बुडते. नोकरीमुळे इंग्रजी तारीखच धरावी लागत असेल तर अडीचऐवजी २.५७७ टक्के लाव. निसाब वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटाला भरलेला हवा. मधे पैसे खर्च होऊन आकडा खाली गेला तरी वर्ष तुटत नाही. आणि हिशेबाच्या दिवशी जेवढं हातात आहे तेवढं सगळं मोजायचं, महिन्यापूर्वी आलेलं असलं तरी.

राहिल्या मुलीच्या बांगड्या. नानीने त्या मुलीलाच दिल्या असतील तर मालकी मुलीची. तुझ्या हिशेबात त्या येत नाहीत, आणि हनफी मसलकात नाबालिग मुलाच्या मालावर जकात नाही. पण याची दुसरी बाजू बायका सोयीने विसरतात. त्या बांगड्या मग तुझ्या राहिल्या नाहीत. उद्या घराच्या बांधकामाला पैसे कमी पडले म्हणून त्या मोडता येणार नाहीत, आणि धाकट्या मुलीला वाटूनही देता येणार नाहीत. काही घरांत मी बघते, रमजान आला की अर्धं सोनं ‘मुलीच्या नावाचं’ होतं आणि रमजान संपून शव्वाल महिना लागला की पुन्हा आईच्या गळ्यात येतं. ‘तिच्या लग्नासाठी ठेवलंय’ एवढं मनात असून मालकी बदलत नाही. मुलीला दिलेलं नसेल तर ते आईचंच, आणि जकातही आईवरच.

सासरे सगळ्यांची जकात काढायचे ते ठीकच होतं, घरच्यांच्या संमतीने एकजण काढू शकतो. पण सासूचं, जावेचं, तुझं सोनं एकत्र वजन करून एकच हिशेब मांडत असाल तर तो मोडा. प्रत्येकीचा निसाब वेगळा. सासूने लग्नात घातलेला दागिना ‘तुझाच’ म्हणून दिला होता की नुसता वापरायला दिला होता, हेही एकदा घरात स्पष्ट विचारून घे. विचारायला जड जातं, मला माहीत आहे. पण तलाकच्या किंवा वाटणीच्या वेळी याच प्रश्नावर भांडताना मी लोकांना आमच्या टेबलासमोर पाहिलंय.

प्रश्न : माझी सून रत्नागिरीकडची. लग्नात माहेरून तिला २० तोळे आले. ती म्हणते, आम्हा कोकणी लोकांत वापरातल्या दागिन्याला जकात नाही. आमच्या घरात यावरून वाद चाललाय. — एक सासू, उदगीर

उत्तर : सून खोटं बोलत नाही, बहन. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई आहेत, आपण मराठवाड्यातले बहुतेक हनफी. शाफई, मालिकी आणि हंबली या तिन्ही मसलकांत बाईच्या रीतसर वापरातल्या दागिन्याला जकात नाही. त्यांचा आधार आहे पैगंबर साहेबांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) यांचा. त्यांच्या घरात वाढणाऱ्या अनाथ भाच्यांकडे दागिने होते आणि त्या त्यांची जकात काढत नसत. इमाम मालिक यांच्या मुवत्ता या ग्रंथात ही गोष्ट आहे. आपल्या बाजूला अबू दाऊद यांच्या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबर साहेबांच्या वचनाची नोंद, आहे. एक बाई मुलीला घेऊन पैगंबर साहेबांकडे (स.) आली, मुलीच्या हातात सोन्याची जाड कडी होती. याची जकात देतेस का, असं त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. कयामतच्या दिवशी याच्या बदल्यात आगीची कडी घातलेली आवडतील का, असं विचारल्यावर तिने कडी तिथेच काढून पुढे ठेवली. दोन्हीकडे मोठमोठे आलिम आहेत आणि हा वाद आपल्या-तुपल्या स्वयंपाकघरात सुटायचा नाही.

सुनेचं सोनं सुनेचं आहे, तिचा मसलकही तिचा. तुम्ही तिच्यामागे लागू नका. फक्त एवढं तिला तिच्याच आलिमांकडून विचारून घ्यायला सांगा, की २० तोळ्यांतलं अंगावर घालायचं किती आणि बिस्किटं-नाणी करून ठेवलेलं किती. साठवणुकीच्या सोन्याला शाफई मसलकातही जकात आहे.

प्रश्न : मी सराफ आहे, सेलूत आमचं तीन पिढ्यांचं दुकान आहे. रमजानात मुस्लिम गिऱ्हाइकं जुने दागिने आणून नुसतं वजन करून मागतात. आम्ही काट्यावर ठेवून आकडा सांगतो. एका बाईंनी तुमच्या सदराचं कात्रण दाखवलं, म्हणून विचारतो, नेमकं काय लिहून द्यावं? — एक सराफ, सेलू

उत्तर : दादा, नमस्कार. चिठ्ठीवर चार गोष्टी द्या : ढोबळ वजन, मणी-खडे-लाख यांची अंदाजे घट, निव्वळ वजन आणि कॅरेट. त्या दिवशीचा भाव खाली लिहिला तर सोन्याहून पिवळं. वजन तोळ्यात सांगूच नका, ग्रॅममध्येच सांगा, का ते वरच्या उत्तरात आलं आहे. २०२३ च्या एप्रिलनंतर घेतलेल्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो, त्यावरून कॅरेट कळतं. आजीच्या काळातल्या दागिन्यावर शिक्काच नसतो. तिथे तुमच्याकडे टंच (सोन्याची शुद्धता) काढायचं यंत्र असेल तर टंच लिहा, नसेल तर कसावरचा अंदाज लिहा आणि ‘अंदाज’ हा शब्दही लिहा. दागिना वितळवायला सांगणारं कुणी आलं तर त्यांना परत पाठवा, जकातीसाठी त्याची गरज नाही.

प्रश्न : मृगाआधी बियाण्या-खतासाठी मी माझ्या पाटल्या माझ्याच नावाने बँकेत तारण ठेवल्या. दिवाळीनंतर सोयाबीन विकून सोडवायच्या आहेत. मधे जकातीची तारीख येते. — एक शेतकरी बहीण, मानवत

उत्तर : गहाण पडलेल्या सोन्यावर हनफी मसलकात जकात नाही, आणि सोडवल्यावर गहाणाच्या काळातलीही द्यावी लागत नाही. तुझ्याजवळ घरात उरलेलं सोनं, चांदी आणि पैसा तेवढा मोज. त्यातून येत्या वर्षात फेडायचं कर्ज वजा कर. निसाबाइतकं उरलं तरच जकात. जूनमध्ये आमच्या टेबलासमोर रांगेत निम्म्या बायका असायच्या आणि कर्जाचे कागद मात्र बहुतेक नवऱ्यांच्या नावाचे. तू स्वतःच्या नावाने घेतलंस हे बरं केलंस. पाटल्या सोडवताना तारण पावतीवरचं निव्वळ वजन वहीत उतरवून घे, पुढच्या हिशेबाला सराफाकडे जायची गरज पडणार नाही.

प्रश्न : विधवा नणंदेला माझी जकात देता येते का? सासूला? आणि आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींना? — एक वाचक, बीड

उत्तर : नणंद गरजू असेल, तिच्याकडे निसाबाइतका माल नसेल तर देता येते, आणि आधी तिलाच द्या. सासूलाही देता येते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. देता येत नाही ती आईवडिलांना, आजी-आजोबांना, मुलांना, नातवंडांना आणि नवऱ्याला. सय्यद, म्हणजे पैगंबर साहेबांच्या घराण्यातल्यांनाही नाही. नणंदेला ‘ही जकात आहे’ असं सांगायची सक्ती नाही. तुमच्या मनात नियत असली की पुरे, तिला ईदी म्हणून द्या. मावशींना द्यायची तर पगारात धरून नाही, पगार त्यांचा हक्क आहे. त्या मुस्लिम आणि गरजू असतील तर पगाराच्या वर जकात चालते. मुस्लिम नसतील तर त्यांना सदका, म्हणजे स्वखुशीचं दान, द्या, त्याला कुठलीच अडकाठी नाही. साडी-चोळीचे पैसे मात्र दोघींनाही स्वतःच्या खिशातून द्या, जकातीच्या हिशेबात ते घालू नका.